ब संचाचा पहिला कागद

“एक रेघ कमी पडत होती, अण्णा,” मी म्हणाले. “तेवढ्यासाठी दोन दिवस गेले.”

अण्णा माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. कसली रेघ, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की त्यांची बॅच फाइल माझ्या शेलमधून, म्हणजे कमांडी टाइप करायच्या काळ्या खिडकीतून चालवायची, तर आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टला हाक मारावी लागते आणि हाक मारताना एक तिरकी रेघ आणि पुढं सी असं लिहावं लागतं. माझा शेल युनिक्सच्या वळणाचा. तिरक्या रेघेनं काही सुरू झालं की त्याला वाटतं, हा कुठल्यातरी फोल्डरचा पत्ता. तो परस्पर त्याचं सी ड्राइव्ह करून मोकळा होतो. दोन रेघा दिल्या की मात्र मुकाट्यानं जसंच्या तसं पुढं देतो.

अण्णांना ते फार आवडलं. “म्हणजे मधला माणूस लई शहाणा आहे,” ते म्हणाले. “निरोप सांगायचं सोडून अर्थ सांगत बसतोय.”

मी एंटर दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पलीकडच्या खोलीत एम्बॉसर, म्हणजे ब्रेलचा प्रिंटर, जागा झाला आणि जाड कागदावर ठिपके ठोकल्याचा तो एकसारखा कडकडाट सुरू झाला. अण्णांनी मान कलती करून तो ऐकला, माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि आपल्या टेबलाकडं गेले. बारा पावलं. मधे कपाट होतं, त्याला वळसा घालून.

ही मिरजेतली गोष्ट आहे, दोन हजार दहा सालातली. एका संस्थेचा छोटा ब्रेल छापखाना होता तिथं. अंध मुलांच्या शाळांना पाठ्यपुस्तकं आणि प्रश्नपत्रिका छापून द्यायचा. मी तेवीस वर्षांची होते, सांगलीहून रोज यायची. मराठी मजकुराचं ब्रेलमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम लिहायला मला घेतलं होतं. सहा महिने बघू, मग कायम करू, असं संचालक वाटवे सरांनी सांगितलं होतं. सर निवृत्त मुख्याध्यापक. काम वेळेवर गेलं पाहिजे याची त्यांना फार काळजी.

अण्णा म्हणजे भुपाल आण्णा मगदूम. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. छापखाना सुरू झाला त्या दिवसापासून ते तिथं तपासनीस होते. छापलेलं बोटांनी वाचायचं आणि चूक सापडली तर काढायची, हे त्यांचं काम. कॉम्प्युटर आला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून ते तो शिकले, आणि एम्बॉसर चालवायला त्यांनी एकतीस बॅच फाइली, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडींच्या याद्या, लिहिल्या. सगळ्या नोटपॅडमध्ये, एकेक अक्षर कानानं ऐकून. पुस्तकाची वेगळी, नकाशाची वेगळी, प्रश्नपत्रिकेची वेगळी. एम्बॉसरचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालायचं, त्यामुळं माझा प्रोग्राम कितीही चांगला झाला तरी कागदावर ठिपका उठायचा तो अण्णांच्या फाइलीतूनच. दोन्ही जोडायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मला वाटलं होतं ते खट्टू होतील. त्यांनी उलट मला जवळ बसवून एकतीसही फाइली तोंडपाठ म्हणून दाखवल्या.

प्रत्येक फाइलीत एक थांबा होता. त्याला इंग्रजीत पॉज म्हणतात. कुठल्याही संचाचा पहिला कागद बाहेर आला की फाइल तिथं थांबायची आणि कुठलंही बटण दाबा म्हणायची. अण्णा उठायचे, ट्रेमधून कागद काढायचे, टेबलावर पसरायचे आणि दोन्ही तर्जन्या ओळीवरून नेत वाचायचे. सगळं नीट असलं की परत येऊन बटण दाबायचे, मग बाकीचं छापून व्हायचं. शेवटच्या पानाच्या तळाशी फाइल एक ओळ आपणहून उमटवायची. तपासले, भु. आ. मगदूम.

त्या थांब्यापाशी माझं अडलं. माझ्या काळ्या खिडकीत पॉजची सूचना दिसायची नाही, दाबलेलं बटण पोचायचं नाही, आणि सगळं गोठून बसायचं. मी उपाय काढला. कीबोर्डवरून काय येतं ते ऐकण्याऐवजी त्या फाइलीला रिकाम्याकडं कान लावायला सांगितलं. रिकाम्यातून काही येणार नाही हे कळलं की पॉज वाट बघत नाही, पुढं सरकतो. अण्णांना मी एवढंच म्हणाले की सध्या तुमचा थांबा चालत नाहीये, मी माझ्या बाजूनं घालते, तोवर पहिला कागद मीच तुमच्या टेबलावर आणून देत जाईन. हा रिकामा प्रकार काही मी त्यांना समजावून सांगितला नाही. ते म्हणाले, कसा का असेना, थांबा राहू दे म्हणजे झालं.

दीड महिना तसं चाललं. मी कागद नेऊन द्यायची, ते वाचायचे, बरं म्हणायचे. थांबा घालायचं काम मी उद्यावर ढकलत राहिले.

सप्टेंबरमध्ये शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं काम आलं. सहावी-सातवीच्या अंध मुलांसाठी एका ट्रस्टची परीक्षा होती, गणिताची. शेजारच्यानं कुजबुजून उत्तर घेऊ नये म्हणून दोन संच, अ आणि ब. दोन्ही मिळून एकशेचाळीस प्रती, प्रत्येकी सहा कागद, आणि त्याच दिवशी पाच वाजता कुरिअरवाला येणार होता. अण्णांच्या टेबलावर त्या दिवशी इतिहासाच्या पुस्तकाचे भागही येत होते, दुसऱ्या मशीनवरचे. मी सकाळपासून त्यांना पंधरा-सोळा कागद नेऊन दिले असतील. अ संचाचा पहिला कागद दिला तो पाऊण वाजता. त्यांनी वाचला, एक आकडा पुन्हा बघितला आणि बरं म्हणाले.

मी दोन्ही संच एका ओळीत लावून दिले आणि पुढच्या खोलीत पाकिटांवर पत्ते चिकटवायला बसले. परत आले तेव्हा ब संच निम्मा छापून झाला होता. त्याचा पहिला कागद चाळीस प्रतींच्या तळाशी गेला होता. मी ढिगाकडं पाहिलं. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तेच मशीन, तीच फाइल, आत्ताच तर अ संच तपासून झालाय, असं मी मनाशी म्हणाले. ढीग उचलला आणि पिना मारायला घेतल्या.

अ संच संपता संपता एम्बॉसरची सहावी पिन गेली होती.

ब्रेलचं अक्षर सहा ठिपक्यांचं असतं. सहावा ठिपका उजवीकडं खाली. तो उठला नाही तर व चा ल होतो, ळ चा भ होतो. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर वेळ लिहिलेलं होतं, ते लेभ झालं. आकड्यांचं त्याहून वाईट. ब्रेलमध्ये आकडे म्हणजे अक्षरंच असतात, फक्त त्यांच्या आधी एक खूण येते. त्या खुणेतला सहावा ठिपका गेला की तिचा आ होतो. बारा वजा सात या जागी मुलांच्या बोटांना लागलं ते आअब लजा आग. मोठं माणूस कदाचित ओळखेल. ती अकरा-बारा वर्षांची मुलं होती. पर्यवेक्षक डोळस होते, त्यांना कागदावर नुसते ठिपके दिसत होते. मुलं वाचता येत नाही म्हणाली तेव्हा त्यांना वाटलं, यांचा अभ्यासच झालेला नाही.

परीक्षा रविवारी झाली. सोमवारी मराठवाड्यातल्या एका शाळेतून फोन आला, मंगळवारी आणखी दोन. गुरुवारी ब संचाच्या काही प्रती परत आल्या आणि वाटवे सरांनी आम्हां दोघांना आत बोलावलं. ट्रस्टचे एक गृहस्थ तिथं बसले होते. त्यांनी सांगितलं की परीक्षा पुन्हा घेता येणार नाही. मग ते म्हणाले की एक मुलगी शेवटपर्यंत पहिल्याच प्रश्नावर बोट फिरवत बसली होती. ते रागावून बोलत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

सरांनी अण्णांचा हात धरून कागदावर नेला. अण्णांनी पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. हात थांबला.

“सहावा नाही,” ते म्हणाले. “पूर्ण कागदात कुठंच नाही.”

“शेवटच्या पानावर तुमचं नाव आहे, मगदूम,” सर म्हणाले. “सत्तर प्रतींवर.”

अण्णांनी कागद उलटा केला, सुलटा केला, पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझा श्वास जिथून ऐकू येत असेल तिकडं तोंड केलं.

“रेवती, त्या दिवशी बरेच कागद दिलेस तू मला,” ते म्हणाले. “माझ्या ध्यानात नीट राहिलेलं नाही. ब संचाचा पहिला कागद होता ना त्यात?”

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. पाणी आलं होतं का नळाला, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. सर माझ्याकडं बघत होते. ट्रस्टचे गृहस्थही बघत होते. माझे सहा महिने भरायला अकरा दिवस राहिले होते. हे मी नंतर जुळवलेलं कारण असेल, त्या क्षणी इतकंही मनात आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की अण्णांना कोण काय बोलणार आहे. इतक्या वर्षांचा माणूस. थोडी बोलणी बसतील आणि विषय मिटेल.

“हो,” मी म्हणाले. “दिला होता.”

अण्णांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. “मग मला ते लागलं नाही,” ते म्हणाले.

सरांनी त्यांना आणि मला जायला सांगितलं. बारा पावलांची वाट अण्णा त्या दिवशी भिंतीला हात लावत चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या टेबलावर त्यांचं पत्र होतं, टाइप केलेलं, एकही चूक नसलेलं. मला यापुढं तपासनीस म्हणून काम करता येणार नाही, एवढंच त्यात होतं. सरांनी त्यांना थांबवायचा खूप प्रयत्न केला हे मला माहीत आहे, कारण दार उघडं होतं. चूक कुणाकडून होत नाही, असं सर म्हणत होते. अण्णा म्हणत होते, चूक झाली असती तर राहिलो असतो. त्याचा अर्थ मला लागला नाही. मला वाटलं, मानी माणूस आहे, लागलंय मनाला. मी तेव्हाही उठून आत गेले नाही. टेबलाशी बसून राहिले आणि कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले.

त्याच दुपारी मी थांबा घातला. अर्ध्या तासाचं काम होतं. पुढच्या आठवड्यात सरांनी सांगितलं की फाइलींमधलं मगदूमांचं नाव आता काढायला हवं. एकेक फाइल उघडायचीही गरज पडली नाही. शेलमध्ये एक ओळ लिहिली आणि एकतीसही फाइलींतून ते नाव एका दमात गेलं. महिनाअखेरीला मला कायम केलं.

पुढच्या वर्षी मी पुण्याला आले. मोठ्या कंपनीत लागले, लग्न झालं. अण्णांची आठवण यायची नाही असं नाही, पण ती आली की मी दुसऱ्या कशालातरी लागायची. ते निवृत्त होऊन गावी सुखात आहेत, असं मी ठरवून टाकलं होतं.

दोन हजार चौदाच्या फेब्रुवारीत मामेबहिणीच्या लग्नाला मिरजेला गेले होते. लक्ष्मी मार्केटमध्ये बांगड्या घेताना मागून कुणीतरी माझं नाव घेतलं. अण्णांच्या बायको होत्या, पद्माकाकू. छापखान्यात दर शनिवारी दुपारी अण्णांना न्यायला यायच्या, येताना आमच्यासाठी धपाटी आणायच्या. आता पुष्कळ वाळल्या होत्या. दवाखान्यातून औषधं घेऊन निघाल्या होत्या. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, मुलंबाळं विचारली. मी अण्णांचं विचारलं.

आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो आणि त्यांनी सांगितलं.

अण्णांना साखर होती हे सगळ्यांना माहीत होतं. बोटांचं कुणालाच माहीत नव्हतं, फक्त काकूंना. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून त्यांच्या बोटांना सकाळी सकाळी मुंग्या यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखर आटोक्यात राहिली तर बरीच वर्षं काही होणार नाही, नाही राहिली तर बोटांची जाणीव हळूहळू जाईल. अण्णांनी त्या दिवसापासून गोड तोंडात घातलं नाही, पहाटे उठून मैलभर चालायला लागले. कामाला निघताना रोज एक पान काढून वाचून बघायचे आणि सगळं लागतंय म्हणून सांगून बाहेर पडायचे.

“तुमच्याकडं ते परीक्षेचं झालं त्या दिवशी घरी आले नि मला म्हणाले, पद्मा, गेली,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, काय गेली? तर म्हणाले, बोटं गेली. चुकलेला कागद माझ्या हाताखालून गेला नि त्यात सहावा ठिपका नाही हे मला लागलं नाही.”

मी विचारलं, पण सरांच्या खोलीत तर त्यांना ते लागलं होतं.

तेच तर, काकू म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं होतं, की बोटं सरळ मेली असती तर परवडलं असतं. ती एक दिवस खरं सांगतात, एक दिवस खोटं सांगतात, आणि आज कुठला दिवस आहे ते मला कळत नाही. घरी वाचायला बसले की दर ओळीला थांबायचे. इथं ठिपका आहे की मला वाटतोय, इथं नाही की मला लागत नाही. एका पानाला तास लागायचा, सदरा भिजायचा घामानं. महिनाभर असं केलं आणि मग एका सकाळी सगळी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायला सांगितली. मिरजेतलं बिऱ्हाड मोडून दोघं कवठे महांकाळला, त्यांच्या गावच्या घरी आली. त्यानंतर त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. पहाटे चालणंही सुटलं. कशासाठी चालू, असं म्हणाले.

“एवढं वाचणारं माणूस,” काकू म्हणाल्या. “आता दिवसभर रेडिओ ऐकत बसतात. तोही लावलेला असतो म्हणून.”

दुसऱ्या दिवशी लग्न होतं. मी अक्षता टाकल्या आणि न जेवता स्टँडवर गेले. कवठ्याच्या गाडीत बसले.

अण्णा सोप्यावर बाजेवर बसले होते. पायथ्याला घडी घातलेली वाकळ होती. मी पायरी चढले, अजून काही बोललेही नव्हते, तर त्यांनी मान वर करून विचारलं, रेवती का? काकूंनी आदल्या दिवशीचं सांगितलं असणार. त्यांनी मला पाणी द्यायला लावलं, कंपनीत कसलं काम करते ते विचारलं, अजून तिरक्या रेघा दोन द्याव्या लागतात का ते विचारलं. लागतात म्हटल्यावर हसले. काकू भाकरी थापायला आत गेल्या.

मी बाजेच्या पायथ्याशी जमिनीवर बसले. वाटेत जे जे जुळवलं होतं त्यातलं काही आठवलं नाही.

“अण्णा, ब संचाचा पहिला कागद मी तुम्हाला दिला नव्हता.”

त्यांनी रेडिओ बंद केला. बटण एकदा हुकलं, दुसऱ्यांदा सापडलं.

मग मी सगळं सांगितलं. पत्ते चिकटवायला गेले ते, परत आले तेव्हा ढीग झाला होता ते, घड्याळ बघितलं ते. सरांच्या खोलीत मी खोटं बोलले ते. मग त्यांनी विचारलं ते माझ्या खोट्याबद्दल नव्हतंच.

“पण पॉज होता ना फाइलीत?”

होता, मी म्हटलं. आणि जे तेव्हा सांगितलं नव्हतं ते आता सांगितलं, की त्याला मी कीबोर्डऐवजी रिकाम्याकडं वळवलं होतं.

“रिकामं दिलं तर तो पुढं जातो?”

“जातो, अण्णा. थांबतच नाही.”

“हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. थोडा विचार केला. “म्हणजे बटण कुणीच दाबलेलं नाही.”

“नाही.”

“आणि तो कागद माझ्या हाताखाली आलाच नाही. नक्की सांगतेस तू?”

“नक्की.”

त्यांचा चेहरा मी छापखान्यात सहा महिने रोज पाहिला होता, पण तो असा झालेला मी कधी पाहिला नव्हता. कपाळावरच्या आठ्या गेल्या, ओठ सैल सुटले. लहान मुलाला तू पास झालास म्हणून सांगावं तसं काहीतरी. त्यांनी मोठ्यानं हाक मारली.

“पद्मा, इकडं ये. अगं, माझी बोटं चांगली होती. त्या दिवशी बोटं चांगली होती माझी.”

काकू पिठाच्या हातानं दारात आल्या. अण्णांनी त्यांना सांगितलं, माझ्याहून नीट सांगितलं, रिकाम्याचं सुद्धा. माझ्यावर राग धरायला जागा ठेवली नाही. पोरीच्या हातून राहून गेलं, घाबरून बोलली, असं म्हणाले. काकू ऐकत होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांच्या ध्यानात आलं होतं, अण्णांच्या अजून यायचं होतं.

“मग खरी गेली कधी गं ती?” अण्णांनी विचारलं. “तुला आठवतं?”

काकूंनी हाताचं पीठ पदराला पुसलं. अण्णांनी पुन्हा विचारलं.

“ह्या दिवाळीत तव्याला हात लागला तुमचा,” काकू हळू म्हणाल्या. “वास आला तेव्हा कळलं. त्याच्या आधी गणपतीत तुम्ही मला पातळाचा काठ हातात घेऊन नक्षी सांगितली होतीत.”

“बरोबर,” अण्णा म्हणाले. “मोराची होती.” त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत मोजायला सुरुवात केली, तसं त्यांना जमेना, मग तोंडानं मोजलं. दहाचा गणपती, अकराचा, बाराचा, तेराचा. शेवटच्या आकड्यावर ते थांबले.

“तीन वर्षं होती,” ते म्हणाले. “तीन वर्षं मला वाचता येत होतं.”

आतून भाकरी करपल्याचा वास आला. काकू हलल्या नाहीत. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. अण्णांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि मान त्यांच्याकडं झुकवली होती, जसे काही ते दिसणार होते.

मला रडू आवरलं नाही. मी कपाळ बाजेच्या काठाला टेकवलं. अण्णांना ते ऐकू गेलं असणार. त्यांनी माझ्या दिशेनं हात पुढं केला.

“असू दे. असू दे, बाळ,” ते म्हणाले. “ऊठ आता, साडेचारची गाडी चुकेल.”

बोलता बोलता ते थोपटत होते, सावकाश, समजूत घालावी तसं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर नव्हता. तो वीतभर अलीकडं, वाकळेच्या घडीवर पडला होता. मी मान वर करून ते पाहिलं. काकूंनीही पाहिलं.

त्यांचं थोपटून होईपर्यंत मी तशीच बसून राहिले.